धानाच्या तुसातील दडलेले द्रव्य

भंडारा जिल्ह्यात शंभर किलो धान भरडले असता सुमारे वीस किलो तूस निघते. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्या ते भट्टीत जाळतात. परंतु तुसात पेन्टोसान नावाचे शर्करावर्गीय द्रव्य असते व तेही धुरावाटे नाहीसे होते.

आम्ल व उष्णता यांच्या योगाने पेन्टोसानची प्रथम साखर व नंतर फरफुराल हा तेलकट द्रव बनतो. वंगणतेल शुद्ध करण्याकडे आणि ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारी राळ तयार करण्याकडे त्याचा उपयोग होतो. हा धंदा नवा नव्हे. अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने १९२२ साली ओट धान्याच्या टरफलांपासून फरफुराल काढण्यास प्रारंभ केला. द्रव काढून घेतल्यावर उरलेला चोथा वाळवून भट्टीत घालता येतो, हे गिरणीमालकांनी ध्यानात घ्यावे.

जुन्या रीतीत विरल गंधकाम्ल व वाफ वापरतात. आम्लाने पात्रे झिजतात. तूस उष्णतेचे मंदवाहक असल्यामुळे आतवर ऊब पोचण्यास विलंब लागतो आणि तयार झालेल्या फरफुरालचा काही भाग तेवढ्यात डांबरासारखा होऊन वाया जातो. यावर घन उत्प्रेरकाचा उपाय शोधण्यात येत आहे. उत्प्रेरक म्हणजे क्रियेस वेग देऊन स्वतः शिल्लक राहणारा पदार्थ; घन असल्यास तो गाळून पुन्हा वापरता येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यावर संशोधन झाले आहे. दुसरा उपाय सूक्ष्मतरंगांचा. शहरी स्वयंपाकघरातील विजेच्या मायक्रोवेव्ह भट्टीत अन्न तापविणारे हेच तरंग होत. सेकंदास सुमारे २४५ कोटी आवर्तने करणाऱ्या या तरंगांनी ओलसर तुसातील पाणी आतूनच तापते व क्रिया काही मिनिटांत उरकते. मात्र ते काही सेंटिमीटरच आत शिरतात. म्हणून मोठ्या पात्रात ही युक्ती साधणे कठीण जाते. गावात असे यंत्र बसवून देतो म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागितल्यास ती मुळीच देऊ नये.

तणशीची गोष्ट निराळी. हरियाणातील पानिपत येथे इंडियन ऑइलचा तणशीपासून इथेनॉल करण्याचा कारखाना १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्रास अर्पण झाला. वर्षाला दोन लाख टन तणशीपासून तीन कोटी लिटर इथेनॉल अशी त्याची योजना आहे. तिकडे तणीस शेतातच जाळली जात असे. आपल्याकडे ती गुरांची वैरण होय. शिवाय धानाने बांधीतून घेतलेल्या पालाशाचा मोठा भाग तणशीतच असतो. तेव्हा उन्हाळ्याची वैरण बाजूस काढूनच उरलेली तणीस विकावी आणि भाव ठरविताना गेलेल्या पालाशाची किंमत त्यात धरण्यास कृषी सहायकांनी शेतकरी बंधूंना साहाय्य करावे.