दुःखातल्या मुलाला शाळा काय देऊ शकते?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांतील भूमी हादरली. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार यांखाली किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. जी मुले वाचली, त्यांपैकी अनेकांचे आई किंवा वडील, तर काहींचे दोघेही त्या एका पहाटेत गेले होते.

या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. तुळजापूर तालुक्यातच, नळदुर्गजवळ अलियाबाद येथे, ज्येष्ठ समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने राष्ट्र सेवा दलाचे ‘आपलं घर’ उभे राहिले. भूकंपात पोरकी झालेली मुले तेथे राहू व शिकू लागली. ती मोठी होऊन बाहेर पडल्यावरही इतर निराधार व वंचित मुलांसाठी त्या घराचे दार उघडे राहिले.

या दोन प्रयत्नांत अंतराचा फरक असला, तरी एक गोष्ट समान आहे. केवळ अन्न, वस्त्र व छप्पर देऊन कोणी थांबले नाही; मुलांना शिक्षणाशी जोडून ठेवले गेले. त्यामागील कारण समजून घेणे आवश्यक आहे, कारण असे दुःख केवळ भूकंपानेच येते असे नाही.

ठरलेल्या दिनक्रमाचा आधार

आई किंवा वडील गेल्यावर मुलाच्या मनात दुःखाबरोबरच भय असते. आता माझे कोण पाहील? उरलेले माणूसही जाईल का? या प्रश्नांना केवळ शब्दांनी उत्तर देता येत नाही. रोज ठरलेल्या वेळी घंटा होते, तेच शिक्षक वर्गात येतात, शेजारी तोच मित्र बसतो, दुपारी सर्वांबरोबर जेवण मिळते, या साध्या गोष्टींतून मुलाला हळूहळू खात्री पटते की सर्वच काही कोसळलेले नाही. म्हणून अशा मुलाला फार काळ घरी न ठेवता, त्याच्या कलाने परंतु लवकर शाळेत आणावे.

मुलांचे दुःख मोठ्यांसारखे सलग नसते. मूल आता रडते आणि थोड्या वेळाने खेळू लागते. त्यावरून ते विसरले असे समजू नये. पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू कायमचा असतो हे सहसा कळत नाही. ते पुन्हा पुन्हा विचारते. थोडी मोठी मुले अनेकदा मनातल्या मनात स्वतःला दोष देतात. काहींचे पोट दुखते, काही अबोल होतात, तर काही भांडखोर होतात. ‘बाबा झोपले आहेत’ असे सांगितल्यास मुलाला झोपेचीच धास्ती वाटू लागते. ‘देवाला आवडला म्हणून नेले’ हे वाक्य आपल्या घरांतून सहज उच्चारले जाते. परंतु लहान मुलाच्या मनात त्याने देवाविषयी भीती किंवा राग उत्पन्न होतो. खरे तेच, त्याच्या वयाला समजेल अशा शब्दांत सांगावे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख मराठवाडा दीर्घकाळ सोसत आहे. अशा घरातील मुलाला सत्य गावातून कळण्याआधी ते जवळच्या माणसाकडून कळणे बरे.

शिक्षकांनी वर्गातील इतर मुलांना आधी विश्वासात घ्यावे, म्हणजे परत आलेल्या मुलाभोवती कुजबुज होणार नाही. ‘बिचारा’ म्हणून त्याला बाजूला काढू नये. त्याचे ऐकणारी एक व्यक्ती शाळेत निश्चित असावी. परीक्षा, सण व स्मृतिदिन या दिवसांत त्याच्याकडे अधिक लक्ष असावे.

आधार आणि सुरक्षितता

पोरके झालेले मूल मायेचे भुकेले असते, आणि कधी कधी इतरांच्या घरी वाढत असते. त्याच्या या एकटेपणाचा गैरफायदा घेणारी माणसेही असतात. म्हणून सांत्वन आणि संरक्षण ही दोन वेगळी कामे मानता येत नाहीत. ज्या शाळेत मूल निर्भयपणे रडू शकते, त्याच शाळेत ते अत्याचाराविषयीही बोलू शकते.

कायद्याने ही जबाबदारी स्पष्ट केली आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संस्थेची अब्रू हे गप्प राहण्याचे कारण होऊ शकत नाही. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये शाळांतून ‘सखी सावित्री समिती’ स्थापन करण्याचा निर्णय घेतला. आपल्या मुलांच्या शाळेत ती समिती आहे काय, तिच्या बैठका होतात काय, हे पालकांनी विचारावे. संकटातील मुलासाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६ हे क्रमांक विनाशुल्क आहेत. ते वर्गाच्या भिंतीवर, मुलांना वाचता येतील इतक्या उंचीवर लावावेत.

आर्थिक अडचणीमुळेही मुलांचे शिक्षण सुटते. एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. कोविडकाळात तिचे महत्त्व अनेक कुटुंबांना कळले. अर्ज जिल्हा महिला व बालविकास विभागाकडे करावा लागतो. शोकात बुडालेल्या विधवा मातेला कागदपत्रे जमवणे अवघड जाते. तिच्यासोबत कार्यालयात जाणारा एक शेजारी मोठे काम करतो.

आपल्या धर्मग्रामांत अंत्यविधीला गर्दी होते, महिन्याच्या मिस्सेलाही लोक येतात. त्यानंतर त्या घरातील मूल शाळेत जाते काय, त्याची फी भरली आहे काय, संध्याकाळी ते कोणाजवळ असते, याची चौकशी करणारे थोडे असतात. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या शिक्षकांपैकी दोघांवर ही चौकशी सोपवावी. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी अशा घरांची यादी तयार व्हावी, आणि त्या प्रत्येक घरी कोणीतरी जाऊन यावे.