जुन्या व्ही-८ ला पाचवा गिअर

1932 साली फोर्डने सामान्य अमेरिकन माणसाला परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. 221 घनइंच म्हणजे 3.6 लिटरच्या या इंजिनातून 65 अश्वशक्ती मिळे. त्या काळी व्ही-८ इंजिन बहुतेक महागड्या गाड्यांतच असायचं. 'फ्लॅटहेड' या नावाने ओळखलं जाणारं हे इंजिन थोड्याफार फेरफारांनिशी अमेरिकेतल्या फोर्ड मोटारींत 1953 पर्यंत टिकलं. दरम्यान कॅलिफोर्नियातल्या पोरांनी या जुन्या गाड्या स्वस्तात उचलल्या, मडगार्ड काढून टाकले, इंजिनावर जादा कार्ब्युरेटर चढवले आणि म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तलावांच्या पात्रात त्या पिटाळल्या. 'हॉट रॉड' जन्माला आली ती अशी.

या सगळ्या कौतुकात गिअरबॉक्सच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. तीन गिअरची पेटी, त्यातही पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबून, इंजिनाचा वेग अंदाजाने जुळवून टाकायचा, नाहीतर गाडी थांबवायची. इंजिनाची ताकद वाढवली की याच पेटीचे दाते आधी झडत. त्यावर तेव्हाही उपाय निघाले होते. लिंकन झेफायर या महागड्या गाडीचे गिअर काढून फोर्डच्या पेटीत बसवण्याची पद्धत युद्धाआधीपासूनची. तेव्हा नव्या गाडीची पेटी जुन्या इंजिनाला जोडणं म्हणजे परंपरेशी प्रतारणा, असं म्हणणाऱ्यांनी हॉट रॉडचा इतिहास पुन्हा वाचावा.

आज या कामासाठी सर्वाधिक पसंती आहे ती बोर्ग-वॉर्नरच्या टी-5 या पाच गिअरच्या पेटीला. 1980 च्या दशकात ती फोर्ड मस्टँगमध्ये होती, शेव्हरलेच्या कॅमारोत आणि एस-10 या छोट्या पिकअपमध्येही होती. त्यामुळे भंगारवाल्यांकडे ती मुबलक मिळत आली. वजनाला हलकी, पुढच्या पाचही गिअरना सिंक्रो. 239 घनइंचाचं नंतरचं फ्लॅटहेड साधारण 180 पाउंड-फूट टॉर्क देतं. मस्टँगच्या व्ही-८ मागची पेटी त्याहून बरंच जास्त ओझं पेलण्यासाठी बनवलेली आहे.

मुख्य आकर्षण पाचव्या गिअरचं. 3.78 चं डिफरन्शिअल आणि 28 इंची टायर असतील तर जुन्या पेटीच्या तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 60 मैलांना, म्हणजे सुमारे 97 किलोमीटरला, इंजिन मिनिटाला 2700 च्या आसपास फेरे घेतं. पाचवा गिअर 0.72 चा असेल तर तेच फेरे 2000 च्या जरा खाली येतात. ज्या मूळ इंजिनाची अश्वशक्ती 3400 फेऱ्यांनाच कळस गाठते, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे. आवाज कमी, तापणं कमी, आणि दिवसभर महामार्गावर चालवूनही कान शाबूत.

पण कोणतीही टी-5 उचलून चालत नाही. मस्टँगच्या पेटीची गिअर दांडी इतकी मागे येते, की जुन्या गाडीत ती थेट सीटखाली जाते. कॅमारोची पेटी मूळ गाडीतच एका अंगाला झुकवून बसवलेली. एस-10 ची दांडी पुढे आहे, म्हणून तिला मागणी. मात्र तिच्या काही पेट्यांत पहिला गिअर 4.03 चा असतो. पिकअपला तो शोभतो. हलक्या फोर्डमध्ये गाडी जेमतेम हलते न हलते तोच दुसरा टाकावा लागतो. जाणकार मेकॅनिक म्हणूनच मस्टँगच्या पेटीला एस-10 चा मागचा भाग जोडून दोन्हींचं चांगलं तेवढं घेतात.

पेटी मिळाली की खरं काम सुरू होतं. 1948 पर्यंतच्या फ्लॅटहेडमध्ये बेलहाउसिंगचा वरचा भाग इंजिनाच्या ब्लॉकसोबतच ओतलेला असे, त्यामुळे ते बदलून दुसरं लावण्याची सोय नाही. मधे अडॅप्टर प्लेट घालावी लागते. क्लचप्लेट अशी निवडायची की तिच्या खाचा नव्या पेटीच्या शाफ्टशी जुळतील आणि बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलला बसेल. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. आणि शाफ्ट क्रँकच्या बरोबर मध्यावर हवा. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवायचा. काटा पाच हजारांश इंचापेक्षा, म्हणजे 0.13 मिलिमीटरपेक्षा, जास्त हलला तर ऑफसेट डॉवेल पिना घालून पेटी सरकवायची. हा सोपस्कार कंटाळवाणा, म्हणून टाळला जातो. मग गिअर अडकतो, बेअरिंग ओरडू लागतं, आणि दोष बिचाऱ्या पेटीवर येतो.

सगळ्यात मोठी अडचण मात्र पेटीच्या मागे दडलेली असते. 1948 पर्यंतच्या फोर्डमध्ये प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीत बंद असे. ती नळी नुसतं झाकण नव्हती. मागची चाकं गाडीला जो रेटा देतात, तो या नळीतून पुढे पोचायचा, आणि ॲक्सलला जागच्या जागी फिरू न देण्याचं कामही तीच करायची. मागे पाट्याची एकच आडवी स्प्रिंग; तिला हे काम जमणारं नाही. टी-5 ला उघडा शाफ्ट लागतो, म्हणजे नळी गेली. तिच्या जागी ॲक्सलला धरून ठेवणाऱ्या मजबूत दांड्या बसवाव्या लागतात. बरेचजण अख्खा ॲक्सलच बदलून फोर्डचं नऊ इंची डिफरन्शिअल घालतात. शिवाय फ्रेममधला आडवा दांडा आड येतो, सुरुवातीच्या गाड्यांत क्लच-ब्रेकचे पेडल जुन्या पेटीलाच टांगलेले असतात, स्पीडोमीटरची केबल वेगळी निघते. एका गिअरसाठी निम्मी गाडी उकलावी लागते.

जी गाडी वर्षातून दोनदा प्रदर्शनात उभी राहते, तिला हा उपद्व्याप नको. तिथे तीन गिअरची मूळ पेटीच शोभते. शेकडो मैलांच्या सहलीला न्यायची गाडी असेल तर टी-5 चा खर्च वसूल होतो. पैसे मात्र आधी मागच्या ॲक्सलच्या कामाला बाजूला काढावेत, पेटीचा विचार नंतर. फ्रेम कापण्याऐवजी बोल्टने बसणारे आधार निवडावेत आणि जुनी पेटी, नळीसकट, तेल लावून गुंडाळून ठेवावी. न कापलेल्या 1932 च्या मूळ फ्रेमला बाजारात आजही वेगळा भाव आहे.