यकृतातील गळू आणि प्रतिध्वनी

पुण्यातल्या कोणत्याही सोनोग्राफी केंद्रात गेलात, तर दर्शनी भागी एक पाटी दिसेल : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' अशा निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला. पाटीमुळे हे यंत्र फक्त गर्भवती स्त्रियांसाठी असते, अशी पुष्कळांची समजूत होते. वास्तविक तिथल्या बाकावर ताप आलेला, उजव्या बरगड्यांखाली हात दाबून धरलेला एखादा तरुणही बसलेला असतो. त्याच्या यकृतात गळू झाले आहे काय, हे डॉक्टरांना पाहायचे असते.

हे गळू होते कसे? एंटामीबा हिस्टॉलिटिका हा एकपेशीय जीव दूषित पाण्यातून वा अन्नातून पोटात जातो. १८७५ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे लेश या डॉक्टरांनी तो आमांशाच्या रोग्याच्या मळात पाहिला. शरीराबाहेर तो पुटीच्या रूपात, म्हणजे चिवट कवचात राहतो. पिण्याच्या पाण्यात घालतात तेवढ्या क्लोरीनला ही पुटी दाद देत नाही. उकळल्याने मात्र मरते. पाण्याची वाहिनी आणि गटार शेजारी शेजारी गळत असतील, तर नुसत्या क्लोरीनवर भिस्त ठेवणे बरे नव्हे.

आतड्यात अमीबा कवचाबाहेर येतो, अस्तर पोखरतो, आणि कधी कधी रक्ताबरोबर यकृतात, बहुधा उजव्या खंडात, पोचतो. तिथल्या पेशी मरून त्यांचा लगदा होतो. चमत्कारिक गोष्ट अशी, की अशा बऱ्याच रोग्यांना त्या वेळी आव पडत नसते आणि मळ तपासूनही अमीबा सापडत नाही! उलट उजवा खांदा दुखतो. यकृतावरच्या मध्यपटलाच्या आणि खांद्याच्या संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांतून जातात, त्यामुळे मेंदूची फसगत होते. निदान लांबले, तर गळू पोटात, छातीत, क्वचित हृदयाच्या आवरणातही फुटते.

आता यंत्राकडे वळू. त्याच्या शोधकात दाबविद्युत् स्फटिक असतात. ते सेकंदाला सुमारे ३५ लाख कंपने करतात. आपल्या कानाची मर्यादा २० हजारांची. हा श्राव्यातीत ध्वनी शरीरात सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो आणि दोन वेगळ्या पदार्थांच्या सीमेवरून थोडा परततो. समजा, गळवाच्या पुढच्या भिंतीच्या प्रतिध्वनीनंतर ९० मायक्रोसेकंदांनी मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी आला. जाणे-येणे धरून अंतर निम्मे करा : सुमारे ७ सेंटिमीटर व्यास! गळू गोल मानले, तर आत जवळजवळ १८० घन सेंटिमीटर द्रव आहे. द्रवातून प्रतिध्वनी फारसा येत नाही, म्हणून पडद्यावर तिथे काळसर वर्तुळ दिसते.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने आपल्या विषयाची बढाई इथेच थांबवावी. वर्तुळ दिसले, पण ते कोणी केले हे त्यावर लिहिलेले नसते. जिवाणूंचे गळूही असेच दिसते. मग रक्तातली अमीबाविरोधी प्रतिपिंडे तपासतात. पण ती जुन्या संसर्गाचीही असू शकतात, म्हणून रोग्याची हकिकत ऐकावीच लागते. सुईने द्रव काढला, तर अमीबाच्या गळवातून बहुधा चॉकलेटी रंगाचा, वास नसलेला द्रव येतो. त्यातही अमीबा क्वचितच मिळतो, कारण तो भिंतीपाशी असतो!

कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी १९१२ साली एमेटीनची इंजेक्शने वापरून दाखवली. औषध गुणकारी खरे, पण हृदयाला धोक्याचे. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आले आणि चित्र पालटले. आता बहुतेक रोगी या औषधानेच बरे होतात आणि ताप काही दिवसांत उतरतो. गळू फार मोठे किंवा डाव्या खंडात असेल, अथवा औषधाने उतार पडत नसेल, तर सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईने ते रिकामे करतात.

तरुण हिंडूफिरू लागला, तरी काळे वर्तुळ कित्येक महिने टिकते. व्यास ७ चा साडेतीन झाला, तर आकारमान आठवा हिस्सा उरते. पण नुसते वर्तुळ पाहणारे घरचे लोक 'अजून निम्मे आहे' म्हणून घाबरतात. डॉक्टर ताप, दुखणे आणि भूक यांवरून ठरवतात. त्यांची चिठ्ठी मात्र संपलेली नसते : आतड्यात उरलेल्या अमीबांसाठी डिलोक्झानाइडसारखे दुसरे औषध द्यावे लागते, नाही तर बरा झालेला हा माणूस पुट्या बाहेर टाकतच राहतो.