पेटीतलं देवाचं, ताटातलं कुणाचं?

यात्रा उलटून आठवडा झाला की आमच्या ग्रामदैवताच्या सभामंडपात सतरंजी पसरतात. पेटीच्या कुलपावरचं सह्यांचं कागदी सील शाबूत आहे ना, ते आधी बघायचं. मग दोन विश्वस्तांकडच्या दोन किल्ल्या लावून पेटी उपडी करायची. कुंकवाने चिकटलेल्या दहा-दहाच्या नोटा सोडवताना मोजणाऱ्यांची बोटं लाल होतात. एका वर्षी मी सहज विचारलं, "मागच्या खेपेला किती निघाले होते?" शेजारचे काका म्हणाले, "देवाला वाहिलं, विषय संपला. हिशेब कसला विचारतोस?"

काकांसारखे लोक गावोगाव आहेत. पण कायदा मूर्तीला स्वतंत्र व्यक्ती मानतो. मालमत्ता देवाच्या नावावर असू शकते. देव स्वतः व्यवहार बघायला येत नाही, म्हणून अज्ञान मुलाचा कारभार पालकाने पाहावा तसा तो विश्वस्त पाहतात. आणि पालकाला हिशेब चुकत नाही. नोंदणीकृत देवस्थानाला 1950च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे हिशेब ठेवावे लागतात, अगदी किरकोळ उत्पन्नाचे ट्रस्ट सोडले तर लेखापरीक्षणही करून घ्यावं लागतं. देवाची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. गंमत म्हणजे, देवळात नेहमी दर्शनाला जाणारा साधा भाविकही या कायद्याने हितसंबंधित व्यक्ती धरला आहे. म्हणजे मीही, आणि काकाही.

दुसरा समज: ताटात टाका नाहीतर पेटीत, जातं एकाच ठिकाणी. तसं नाही. पेटी देवस्थानची, आरतीच्या ताटातलं मात्र कित्येक देवळांत परंपरेने पुजाऱ्याचं. यात चोरी नाही, तो त्यांचा हक्क मानला गेला. फक्त देणाऱ्याला ते ठाऊक नसतं. पंढरपुरात तर विठोबाच्या पायाशी येणाऱ्या उत्पन्नाच्या हक्कासाठी बडव्यांमध्ये, म्हणजे तिथल्या पिढीजात पुजाऱ्यांमध्ये, बोली लागायची. ते वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा 1973 साली झाला, पण खटले चालत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द यायला जानेवारी 2014 उजाडलं. चाळीस वर्षं!

"सगळा पैसा सरकार नेतं" हेही कानावर येतं. सिद्धिविनायक (1980) आणि शिर्डी (2004) यांच्यासाठी वेगळे कायदे आहेत आणि समिती सरकार नेमतं, हे खरं. पण दान जमा होतं संस्थानाच्या निधीत, सरकारी तिजोरीत नाही.

आणि पावती फाडली म्हणजे आयकरात सूट, असंही नाही. निव्वळ धार्मिक ट्रस्टला दिलेल्या दानावर सहसा ती मिळत नाही. जीर्णोद्धारासाठी केंद्राने अधिसूचित केलेली देवळं अपवाद. तिथेही 2000 रुपयांवरची रोख रक्कम सवलतीत धरत नाहीत. पेटीत पडणाऱ्या निनावी दानावर संस्थेने कर भरायचा का, हा प्रश्न वेगळा. शिर्डीच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024मध्ये संस्थानाच्या बाजूने निकाल दिला.

काकांना यातलं थोडं सांगितलं, तेव्हा ते स्वतःच मागे लागले. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून आमच्या देवस्थानाच्या हिशेबाची नक्कल आणली. पेटीचे आकडे वर्षवार होते, भाडं होतं, नारळांच्या लिलावाचेही पैसे होते. ताटाचा रकाना कुठेच नव्हता.