जॉन डीकनचा खोका

क्वीन या बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर, श्रेयनामावलीच्या आसपास, एक छोटी नोंद असायची. या रेकॉर्डवर सिंथेसायझर वाजवलेला नाही, अशा अर्थाची. १९७३च्या पहिल्या अल्बमवर ती आहे, १९७५च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’वर तर उद्गारचिन्हासह आहे. मग १९८० साली ‘द गेम’ आला. त्याच्या वेष्टनावर छापलं होतं की क्वीनच्या अल्बममध्ये सिंथेसायझर इथे पहिल्यांदाच आला आहे, ओबरहाइम कंपनीचा, ओबीएक्स मॉडेलचा. आपलं व्रत सुटल्याची नोंद एखाद्या बँडनं स्वतःच, यंत्राच्या मॉडेलसकट छापावी, याचं मला कॉलेजात असल्यापासून नवल वाटत आलं आहे. या दोन नोंदींमध्ये काय घडलं याचा माग काढताना मी क्वीनचे अल्बम आलटूनपालटून ऐकत राहिलो, आणि दर वेळी एकाच माणसापाशी येऊन थांबलो.

तो माणूस फ्रेडी मर्क्युरी नव्हे. आपल्याकडे क्वीनचा विषय निघाला की बोलणं फ्रेडीवर आणि तिथून थेट पाचगणीवर जातं. ते साहजिकच आहे. झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात वाढला, तिथे पियानो शिकला, ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. ही हकिकत आता पाचगणीला सहलीला गेलेली मुलंही सांगतात. माझा माणूस स्टेजवर ड्रम्सच्या बाजूला उभा राहून मुकाट्यानं बास वाजवायचा. त्याचं नाव जॉन डीकन.

डीकन १९५१ साली लेस्टरमध्ये जन्मला. लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकला आणि पहिल्या वर्गात पास झाला. १९७१ साली तो क्वीनमध्ये आला तो चौघांत शेवटचा आणि वयानं सगळ्यांत लहान. पहिल्या अल्बमवर त्याचं नाव उलटं, ‘डीकन जॉन’ असं छापलं आहे. ते ऐकायला भारदस्त वाटेल अशी कल्पना होती. पुढच्या अल्बमपासून ते सरळ झालं. मुलाखतींत तो जवळजवळ बोलतच नसे. मात्र बँडमध्ये येऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाच त्यानं केलेली एक गोष्ट क्वीनच्या संगीताच्या मुळाशी जाऊन बसली, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसं कुणी लिहिलेलं नाही.

१९७२च्या सुमाराला लंडनच्या रस्त्यात राडारोडा टाकायला ठेवलेल्या मोठ्या लोखंडी पेटीत त्याला एक इलेक्ट्रॉनिक सर्किट पडलेलं दिसलं. तारा लोंबत होत्या. दुसरा कुणी पुढे निघून गेला असता. डीकननं ते घरी नेलं, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. आपल्याला घरी गिटारचा सराव करता यावा एवढाच त्यामागे हेतू होता. आवाज कमीजास्त करायचं बटण नाही, सूर जाड-बारीक करायचं बटण नाही. गिटार जोडायची, की खोका गाऊ लागतो. पुढे कित्येक वर्षांनी जाणकारांनी शोध घेतला तेव्हा कळलं, ते सर्किट सुपरसॉनिक कंपनीच्या पीआर-८० या ट्रान्झिस्टर रेडिओतलं होतं. आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आणि छोटे ट्रान्सफॉर्मर.

गिटारवादक ब्रायन मे यानं आपली गिटार त्या खोक्याला जोडली आणि खोका त्याचाच होऊन गेला. ती गिटारही घरचीच होती. ब्रायन आणि त्याचे वडील हॅरल्ड यांनी १९६३पासून खपून ती बनवली होती: दांडा जुन्या फायरप्लेसच्या महागनी लाकडाचा, थरथरीच्या दांडीच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या, आणि पट्टीवरचे शिंपल्याचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या गुंड्यांचे. या गिटारचा आवाज डीकनच्या खोक्यातून गेला की तारांचा करकरीतपणा गळून पडे. कधी व्हायोलिनचा भास होई, कधी ट्रंपेटचा, कधी क्लॅरिनेटचा. एकावर एक असे बरेच आवाज टेपवर चढवले की ऑर्केस्ट्राच उभा राही.

१९७४चा ‘क्वीन टू’ याच आवाजानं उघडतो. ‘प्रोसेशन’ हा तुकडा मिनिटभराचाच आहे. एखाद्या राजाची अंत्ययात्रा असावी तशा संथ पावलांनी गिटारी येतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्या गिटारी आहेत हे सांगूनही पटत नाही. समीक्षकांना आणि श्रोत्यांनाही हे सिंथेसायझरचं काम वाटे, म्हणून तर वेष्टनावर खुलासा करावा लागे. या रेकॉर्डच्या बाजूंना पहिली-दुसरी म्हटलेलं नाही, पांढरी आणि काळी म्हटलं आहे. पांढरीवर चार गाणी मेची आणि एक ड्रमर रॉजर टेलरचं, काळी अख्खी फ्रेडीची. काळ्या बाजूवरचं ‘द फेअरी फेलर्स मास्टर-स्ट्रोक’ हे गाणं रिचर्ड डॅडच्या एका चित्रावर बेतलं आहे. डॅडनं १८४३ साली वेडाच्या भरात वडिलांचा खून केला. पुढे बेथलेम या मनोरुग्णालयात त्यानं हे छोटंसं चित्र १८५५ ते १८६४ एवढा काळ रंगवलं. गवताच्या पात्यांआडून डोकावणारी कितीतरी बारीक माणसं त्यात आहेत. फ्रेडीनं साथीदारांना टेट गॅलरीत नेऊन ते दाखवलं होतं. चित्र पाहिलं की गाणं उलगडतं: इंचभरही जागा रिकामी न सोडण्याची तीच धडपड. माझ्या मते फ्रेडीचं लेखन त्या काळ्या बाजूइतकं बेबंद पुन्हा कधी झालं नाही.

१९७५ साली ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ आला. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’वर मी इथे लिहीत नाही, तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्याच अल्बमवर ‘गुड कंपनी’ नावाचं मेचं गाणं आहे. युकुलेले-बँजोवर सुरू होणारं, वरवर साधंसुधं. मध्येच एक जुन्या वळणाचा जाझ वाद्यवृंद येतो, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट सगळं असलेला. त्यात फुंकायचं वाद्य एकही नाही. सगळा वृंद म्हणजे मेची गिटार आणि डीकनचा खोका. काही ठिकाणी त्यानं एकेक सूर वेगळा वाजवून टेपवर घेतला आहे, कारण ट्रॉम्बोनवाला सुराला जसा घसरत भिडतो तसा गिटारवाला भिडत नाही. हे ऐकल्यावर सिंथेसायझर नाही ही नोंद मला वेगळीच वाटू लागली. यंत्राचा तिटकारा असलेल्यांची ती प्रतिज्ञा नव्हती. ही माणसं चोवीस तास यंत्रांतच बुडालेली होती. आमचं यंत्र आम्ही स्वतः बनवलं आहे आणि त्यातून निघणाऱ्या प्रत्येक सुरामागे हात आहे, असं सांगणारी ती अभिमानाची खूण होती.

याच अल्बममध्ये डीकनचं ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ आहे. इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला आवडत नसे, म्हणून डीकननं तो स्वतः शिकून वाजवला. आपल्याला हवा तो आवाज कुणी देत नसेल तर स्वतःच मिळवायचा, हा त्याचा स्वभाव इथेही दिसतो.

पुढची तीन-चार वर्षं मी भराभर ओलांडतो. ‘अ डे ॲट द रेसेस’ हा आधीच्या यशाचा सावध पाठपुरावा आहे, ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’नं स्टेडियमला पाय आपटायला शिकवलं, आणि ‘जाझ’मध्ये चौघं चार दिशांना ओढताना ऐकू येतात. १९७९ साली मंडळी म्यूनिकच्या म्यूझिकलँड स्टुडिओत पोचली. तिथे माक नावाचा निर्माता होता. त्याला थरांवर थर चढवण्यात रस नव्हता. वाद्यांच्या मधली जागा मोकळी ठेवायला त्यानं शिकवलं.

‘द गेम’च्या पहिल्याच गाण्याच्या तोंडाला तो ओबरहाइम घोंघावत येतो. पण या अल्बमचं खरं वळण डीकनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ आहे. न्यूयॉर्कच्या ‘शिक’ या डिस्को बँडचा बास त्याच्या कानात बसला होता. हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि बहुतेकांना ते सिंथेसायझरचं गाणं वाटतं. त्यात सिंथेसायझर नाही. उलटी फिरवलेली टेप, पियानो, गिटारी, आणि सुरांची उंची बदलणारं एक यंत्र, एवढ्यावर ते उभं आहे. बास, ताल धरणारी गिटार आणि पियानो ही सगळी डीकनचीच. सिंथेसायझरची गरज पडू नये असा खोका ज्यानं बनवला, त्यालाच आता थरांचा ऑर्केस्ट्रा नको होता. त्याला सुरांमधली शांतता हवी होती.

ही शांतता मेला सोसवली नाही, आणि १९८२च्या ‘हॉट स्पेस’वर दोघांचं वाजलं. ‘बॅक चॅट’ हे डीकनचं गाणं. त्यात गिटारचा सोलो नकोच, असं त्याचं म्हणणं. ताल धरणारी गिटार त्यानं स्वतःच वाजवली होती, करकरीत, तोडून तोडून वाजवलेली. आपल्या गाण्यांना हवी तशी गिटार मे वाजवत नाही, असं तो तेव्हा म्हणाल्याचं मेनंच पुढे सांगितलं आहे. मेनं हट्ट सोडला नाही. सोलो घेतला गेला. तो ऐका: दारात अडवलेल्या माणसानं आवाज चढवून बोलावं तसा तो वाजतो. मला तो फार आवडतो, आणि गाणं त्याच्यामुळेच तरतं असं माझं मत आहे.

‘हॉट स्पेस’ला चाहत्यांनी तेव्हापासून आजपर्यंत बोल लावला आहे. यंत्रं आली आणि क्वीन संपली, हा त्यांचा मुद्दा. मला हे निदान चुकीचं वाटतं. त्यातलं ‘स्टेइंग पॉवर’ घ्या. या गाण्यात फुंकायची वाद्यं खरीखुरी आहेत, आरिफ मार्दिनसारख्या थोर संगीत संयोजकानं बांधून दिलेली. बास मात्र सिंथेसायझरवर फ्रेडीनं वाजवलेला. १९७५ साली बँडनं खोटे ट्रॉम्बोन रक्त आटवून घरात घडवले. १९८२ साली खरे बाहेरून मागवले आणि घरचा बासवादक बाजूला राहिला. दुखणं तिथे आहे. रेकॉर्डवर चौघं एका खोलीत सापडत नाहीत. ज्याचं गाणं त्यानं येऊन करून जावं, असा तो कारभार वाटतो. त्याच अल्बमवरचं ‘अंडर प्रेशर’ याला पुरावा आहे. १९८१ साली माँत्रोच्या स्टुडिओत डेव्हिड बोवी आला आणि सगळ्यांनी मिळून वाजवता वाजवता ते जन्माला आलं. डीकनला बासची ओळ सुचली, मंडळी जेवून आली, आणि तोपर्यंत तो ती विसरला होता. ती टेलरनं आठवून दिली. अशी गंमत एकत्र बसलेल्या माणसांतच घडते.

१९९१च्या ‘इन्युएंडो’पर्यंत हा वाद मिटला होता. फ्रेडी आजारी होता हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं, आत सगळ्यांना माहीत होतं. १९८९च्या ‘द मिरॅकल’पासून गाण्यांखाली एकाचं नाव द्यायचं बंद झालं होतं. सगळी गाणी क्वीनची. ‘इन्युएंडो’चं शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं आहे. मधल्या भागात ‘येस’ या बँडचा स्टीव्ह हाऊ येऊन स्पॅनिश वळणाची गिटार वाजवतो, आणि मग ऑर्केस्ट्रा उसळतो. हा ऑर्केस्ट्रा सरळसरळ कीबोर्डचा आहे. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, मीही करणार नाही. ‘क्वीन टू’च्या काळ्या बाजूशेजारी हे गाणं ठेवून ऐकावं. महत्त्वाकांक्षा तेवढीच आहे. पण तिथे मोकळी जागा दिसली की भरून टाकायची घाई आहे, आणि इथे फ्रेडीचा आवाज एकटा उभा राहू शकतो, बाकीचे तिघं त्याची वाट अडवत नाहीत. मोकळी जागा सोडायला क्वीन शिकली ती म्यूनिकमध्ये, डीकनच्या गाण्यांवर. म्हणून ‘हॉट स्पेस’ला वाया गेलेला अल्बम म्हणायला मी तयार नाही.

फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी गेला. १९९७नंतर डीकननं वाजवणं सोडलं आणि तो पुन्हा लोकांसमोर आला नाही. खोका मेकडे राहिला, पुढे त्याच्या हुबेहूब प्रतिकृती विकायलाही आल्या.

‘हॉट स्पेस’बद्दल अजून कुणाची खात्री पटत नसेल, तर ५ जून १९८२ला मिल्टन कीन्स बोलमध्ये झालेल्या मैफलीचं रेकॉर्डिंग ऐकावं. ते २००४ साली प्रसिद्ध झालं. त्यात ‘बॅक चॅट’ आहे आणि मे मनसोक्त वाजवतो, डीकनचा बास त्याला खालून रेटतो. ‘स्टेइंग पॉवर’ही आहे. त्यात बास कीबोर्डवरच आहे, तो वाजवायला बाहेरचा वादक बोलावला आहे. पण रेकॉर्डवर बाजूला राहिलेला डीकन इथे स्टेजवर आहे, गिटार घेऊन, मेच्या जोडीनं. आणि गाणं पेटतं.