पहिली मोटारसायकल : मुलाची हौस आणि घराचा हिशोब

बारावीचा निकाल लागला की वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे, पणदरे या बाजूच्या घरांत एक विषय हमखास निघतो. मुलाला बारामतीला कॉलेजला जायचं असतं, नाहीतर एमआयडीसीत कामाला. एसटी आहे, पण शेवटचा तास किंवा दुसरी पाळी सुटल्यावर तिच्या वेळेशी मेळ बसत नाही. मग "अब्बा, गाडी लेके दो ना" सुरू होतं. अब्बा आधी नाही म्हणतात, अम्मी मध्ये पडते आणि महिना-दीड महिन्यात सगळं घर शोरूममध्ये उभं असतं. तिथे निर्णय आपोआप मुलाच्या हाती जातो, कारण गाड्यांची नावं फक्त त्यालाच माहीत असतात. म्हणून शोरूमची पायरी चढण्याआधी आई-वडिलांनी थोडी माहिती करून घेतलेली बरी.

सुरुवात रस्त्यापासून करू. वडगावहून बारामती वीस किलोमीटरच्या आसपास. नीरा-बारामती रस्ता उसाच्या पट्ट्यातून जातो, एकीकडे सोमेश्वर कारखाना, दुसरीकडे माळेगाव. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिवसरात्र चालू असतात. कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तर तो वाढ्यांखाली झाकलेला. रस्त्यावर सांडलेला ऊस आणि शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल वेगळाच. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते, ८० ने २२ मीटर. अंधारात पुढे ट्रॉली आहे हे लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो.

नव्या चालकाला अशा रस्त्यावर जोरदार इंजिनाचा काय उपयोग? स्प्लेंडर प्लसची ताकद आठ हॉर्सपॉवरच्या आसपास आहे, ड्यूक २०० ची पंचविसाच्या घरात, म्हणजे तिप्पट. सरावलेल्या हातात ती गाडी चांगलीच आहे. पण ज्याला अजून क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरचा मेळ जमलेला नाही, त्याच्या हातून मूठ जरा जास्त पिळली गेली तर साधी गाडी थोडी पुढे सरकते आणि ही उसळी मारते.

वजनाचंही तसंच. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, बुलेट ३५० मात्र १९५ किलोची. चालू गाडीचं वजन जाणवत नाही. ते जाणवतं वळताना, खडीवर थांबताना, मागे कोणी बसलेलं असताना. म्हणून शोरूममध्ये मुलाला गाडीवर बसवा आणि फक्त पाय बघा. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकले पाहिजेत, चवड्यावर उभं राहावं लागता कामा नये. मग गाडी स्टँडवरून उतरवून दहा पावलं मागे ढकलायला सांगा. आरशात कसा दिसतो हे तो स्वतः बघेलच.

आमच्या मते पहिली गाडी १०० ते १२५ सीसीची असावी. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईन या वर्गातली कोणतीही चालेल. त्यांचे सुटे भाग गावात मिळतात आणि कोणताही मेस्त्री त्या उघडून दुरुस्त करतो. रोज दोघं बसणार असतील तर १२५ घ्यावी. मोठ्या गाडीला ब्रेक चांगले असतात असं मुलं म्हणतात आणि ते खरं आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊन घसरत नाही. १२५ आणि त्याखालच्या गाड्यांना निदान सीबीएस असतं. त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. म्हणून १२५ घेताना पुढे डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

पेट्रोलचा हिशोब मुलालाच कागदावर मांडायला लावा. जाऊन-येऊन ४० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १००० किलोमीटर. लिटरला ६० देणाऱ्या गाडीला १७ लिटर लागतं, ३३ देणाऱ्या गाडीला ३०. लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला तेराशे रुपयांचा फरक पडतो.

वयाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे सर्रास गैरसमज आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचं. अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन ११० सीसीच्या आसपास आहे, म्हणजे 'स्कूटीच तर आहे' म्हणून अकरावीतल्या मुलाला किंवा मुलीला ती देणं कायद्यात बसत नाही. त्यासाठी अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. अठरा पूर्ण झाल्यावर आधी शिकाऊ लायसन्स काढावं लागतं. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. गाडी या तीस दिवसांनंतरच घरी आणावी, असं आम्ही सुचवू. तोवर चुलत्याच्या जुन्या गाडीवर, त्याला मागे बसवून, मोकळ्या रस्त्यावर शिकू द्या.

मागे बसणाऱ्यांचा विचार गाडी घेताना फारसा कोणी करत नाही. अम्मी, बहीण, पुढे बायको, बहुतेक बुरखा किंवा ओढणी घेऊन बसणार. कपडा चेनमध्ये किंवा मागच्या चाकात गेला की बसलेली बाई ओढली जाते. चेन पूर्ण झाकलेली आहे का आणि मागच्या चाकाला साडीगार्ड आहे का, हे पाहून घ्या. दिसायला बरं नाही म्हणून मुलं साडीगार्ड पहिल्याच आठवड्यात काढून ठेवतात, ते काढू देऊ नका. काही स्पोर्ट्स गाड्यांची मागची सीट उंच, अरुंद आणि उतरती असते, तिच्यावर वयस्कर बाईला बसताच येत नाही. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचं आहे, म्हणून दोन घ्या, दोन्ही आयएसआय मार्कची. हिजाबवर हेल्मेट घालायचं तर आत एकच पातळ थर असावा आणि डोक्यावर टाचणी नसावी. टोपी घडी करून खिशात ठेवावी.

रमजानमध्ये वेगळी काळजी लागते. अस्रनंतर अंगात त्राण कमी झालेलं असतं आणि इफ्तारला घरी पोचायची घाई असते, रस्त्यावर अंधारही पडू लागतो. खिशात दोन खजुरा आणि डिकीत पाण्याची बाटली ठेवली तर वाटेत थांबून रोजा सोडता येतो. हे घरच्यांनी मुलाला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे उशीर झाला तरी तो गाडी दामटणार नाही.

पैशाचा प्रश्न आपल्या घरांत दुहेरी असतो. हप्त्यावर गाडी सहज मिळते, पण व्याज आलंच, आणि ते टाळायची अनेकांची मनापासून इच्छा असते. भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबणं, नातेवाइकाकडून कर्ज-ए-हसना घेणं किंवा रोख देऊन जुनी गाडी घेणं, हे मार्ग आहेत. नातेवाइकाचं कर्ज लिहून ठेवा, कुरआनची ती शिकवणच आहे. जुनी गाडी नव्या चालकाला तशीही बरी, पहिल्या वर्षी ती दोन-चारदा पडणारच. घेताना आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी ताडून पाहा, फायनान्सचा बोजा उतरला आहे का ते बघा, थकलेले ई-चलान तपासा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन बारामतीच्या आरटीओत तीस दिवसांच्या आत नाव बदलून घ्या. 'नंतर करू' म्हटलं की ते राहतं आणि अपघात झाला की नोटीस जुन्या मालकाच्या दारात जाते.

गाडी कोणाच्या नावावर घ्यायची हेही आधीच ठरवा. आपल्याकडे ती सहसा अब्बांच्या नावावर होते. विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद असले तरी थर्ड पार्टी विमा कायद्याने घ्यावाच लागतो आणि त्याच्या जोडीला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. पण हे १५ लाख मिळतात ते नोंदणीकृत मालक स्वतः गाडी चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तरच. गाडी अब्बांच्या नावावर आणि रोज चालवणार मुलगा, तर त्याला या विम्याचा काहीच उपयोग नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला असेल आणि लायसन्स हातात असेल, तर गाडी त्याच्याच नावावर घ्या. पॉलिसीवर वारसाचा रकाना असतो, विक्रेते तो घाईत कसाही भरतात. तिथे कोणाचं नाव लिहिलंय ते शोरूममधून निघण्याआधी वाचून घ्या.