विश्लेषण : एचआयव्ही रोखणारी ‘प्रेप’ गोळी काय आहे? सोनागाचीच्या प्रयोगातून काय दिसले?

ग्राहक कंडोम वापरायला तयार नसतो. कधी जास्त पैशांचे आमिष दाखवतो, कधी दारूच्या नशेत जबरदस्ती करतो. देहविक्री करणाऱ्या महिलांसमोरचा हा रोजचा प्रश्न. कंडोमचा निर्णय अनेकदा त्यांच्या हातात नसतो. ‘प्रेप’ची गोळी मात्र ग्राहकाला न विचारता घेता येते. म्हणूनच या महिलांसाठी तिचे महत्त्व वेगळे आहे.

‘प्रेप’ म्हणजे नेमके काय?

‘प्री-एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस’ म्हणजे संसर्गाचा धोका येण्याआधी घ्यायचे औषध. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे एकाच गोळीत असतात. विषाणू शरीरात शिरला, तरी ही औषधे त्याची वाढ होऊ देत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये या वापराला मान्यता दिली. मोठा धोका असलेल्या सर्वांना ‘प्रेप’ उपलब्ध करून द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली. ही लस नाही. गोळी थांबवली की संरक्षणही संपते.

देहविक्री करणाऱ्या महिलांनाच ती का?

२०२१ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२१ टक्के होते. देहविक्री करणाऱ्या महिलांमध्ये ते १.८५ टक्के, म्हणजे सुमारे नऊ पट होते. धोका फक्त ग्राहकाकडूनच असतो असेही नाही. कायमच्या जोडीदारासोबत, ज्याला महाराष्ट्रातील वस्त्यांमध्ये ‘मालक’ म्हणतात, कंडोम अनेकदा वापरलाच जात नाही. तिथे तो मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे ठरते.

भारतातील प्रयोगात काय आढळले?

कोलकात्यातील सोनागाचीत ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ने आणि म्हैसूरमध्ये ‘अशोदया समिती’ने २०१६ च्या सुमारास ‘प्रेप’चा प्रयोग राबवला. दोन्ही संघटना याच महिलांच्या आहेत. दोन्ही ठिकाणी मिळून १३०० हून अधिक महिला सहभागी झाल्या. प्रयोगाच्या काळात त्यांच्यापैकी एकीलाही एचआयव्हीचा नवा संसर्ग आढळला नाही.

सुरुवातीला शंका बऱ्याच होत्या. गोळी घेतेय म्हटल्यावर ग्राहक कंडोम नाकारेल का? गोळ्यांची डबी कुणी पाहिली, तर ‘हिला एड्स झालाय’ अशी बातमी पसरेल का? या शंकांना उत्तरे देण्याचे काम त्याच वस्तीतील महिलांनी केले. गोळीची आठवण करणे, मळमळ झाली तर धीर देणे, तपासणीला सोबत जाणे ही कामेही त्यांनीच उचलली.

गोळी असूनही अपयश का येते?

केनिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील महिलांवरील ‘फेम-प्रेप’ चाचणी २०११ मध्ये थांबवावी लागली. गोळीचा उपयोग दिसत नव्हता. नंतर रक्त तपासल्यावर कारण कळले. नुकतीच गोळी घेतल्याच्या खुणा ४० टक्क्यांहून कमी महिलांमध्ये होत्या. अनेकींना आपल्याला धोका आहे असेच वाटत नव्हते. दोष औषधाचा नव्हता, ते पोटात जात नव्हते.

महिलांच्या बाबतीत नियमितपणा अधिक महत्त्वाचा आहे. योनीमार्गात औषधाची पुरेशी पातळी तयार व्हायला वेळ लागतो. अमेरिकेची ‘सीडीसी’ संस्था हा कालावधी सुमारे २१ दिवसांचा मानते. पुरुषांसाठी सांगितलेली, संबंधांच्या आधी-नंतर गोळी घेण्याची पद्धत महिलांना चालत नाही.

कोणती काळजी घ्यावी?

सुरू करण्याआधी एचआयव्हीची चाचणी आवश्यक आहे. संसर्ग आधीच असेल, तर केवळ ‘प्रेप’मुळे विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस-बी यांचीही तपासणी होते. त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची चाचणी करावी लागते. सिफिलिस, गनोरिया किंवा नको असलेली गर्भधारणा ही गोळी रोखत नाही. त्यामुळे कंडोम हवाच. संबंध होऊन गेल्यावर भीती वाटत असेल, तर ७२ तासांच्या आत ‘पेप’ हा वेगळा उपचार सुरू करावा लागतो.

पुढे काय?

रोजच्या गोळीला आता इंजेक्शनचा पर्याय आला आहे. ‘लेनाकापाविर’चे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. अमेरिकेने जून २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याची जेनेरिक आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांमध्ये पुण्याची एमक्युअरही आहे. घरात डबी लपवण्याची गरज त्यामुळे उरणार नाही.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (नाको) ‘प्रेप’साठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत. पण सोनागाची आणि म्हैसूरमध्ये गोळी मोफत होती आणि सोबतीला वस्तीतीलच महिला होत्या. या दोन्ही गोष्टी नसतील, तर कागदावरील सूचना वस्तीपर्यंत पोहोचणे अवघड आहे. एचआयव्हीविषयी माहितीसाठी ‘नाको’ची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.